चालू द्या निवांत

मामेभावाच्या मुलीचं लग्न होतं, सांगलीत विश्रामबागेतल्या एका हॉलमध्ये. डोक्यावर फेटा, खांद्यावर अक्षतांचे दाणे, पोटात दोन ग्लास मठ्ठा, अशा अवतारात मी हॉलच्या मागच्या मुतारीत शिरलो. फिनेल आणि डांबरगोळ्यांचा वास, वर फडफडणारी ट्यूब, समोर पिवळट टाइल्स. मी उभा राहिलो आणि उभाच राहिलो. शेजारी केटरिंगचा एक पोरगा आला. विशीचा असेल, कानात वायर, टी-शर्टवर रश्श्याचा डाग. त्याचं लगेच सुरू झालं, पत्र्यावर वळीव पडावा तसं. झालं, चेन लावली, हात धुऊन मागच्या खिशावर पुसले. मी अजून तिथंच, टाइलच्या एका तड्याकडे टक लावून. दारापर्यंत गेलेला तो पोरगा वळला आणि अगदी आदरानं म्हणाला, "चालू द्या काका निवांत."

चालूच तर होत नव्हतं.

त्याच्या बोलण्यात चेष्टा असती तर बरं झालं असतं, दोन शिव्या हासडून विसरून गेलो असतो. पण म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडून द्यावा तसा त्याचा सूर होता. पंगतीत बसलो, जिलेबी वाढली गेली, कोणीतरी आग्रह केला, आणि माझ्या डोक्यात तेच वाक्य. मी त्रेपन्न वर्षांचा आहे. गेली दीड-दोन वर्षं रात्री उठतो, आधी एकदा, मग दोनदा, थंडीत तीनदा. बायकोनं अंधारात विचारलं, "काय झालं?" की माझं उत्तर ठरलेलं, "काही नाही, पाणी प्यायला उठलो." खरं म्हणजे संध्याकाळी सातनंतर मी पाण्याला शिवत नव्हतो. पुण्याला जाताना पेठनाक्यापासून कात्रजपर्यंत कुठल्या पेट्रोल पंपाची मुतारी उघडी असते, हे मला टोलनाक्यांपेक्षा पाठ झालं होतं. नाटकाला गेलो तर कडेची खुर्ची. हे सगळं मी कोणाला बोललो नाही, आणि न बोलायचं ठरवलं असंही नाही. ते आपसूकच झालं, जसं अण्णांचं झालं होतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी गेली, त्यातली बरीच वर्षं नदीचं पाणी मोजण्यात. कृष्णेची पातळी, धरणाचा विसर्ग, पाऊस किती मिलिमीटर, हे त्यांच्या वहीत रोजच्या रोज. निवृत्त झाल्यावरही पावसाळा आला की गावभागातल्या आमच्या घरी जुन्या सहकाऱ्यांचे फोन सुरू. कोयनेतून किती सोडलं? आयर्विन पुलाला पाणी किती? सांगलीकराला हे सांगायला नको: ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि २०१९ ला ५७ च्या वर गेलं तेव्हा काय झालं ते तर प्रत्येकाच्या भिंतीवर अजून ओलीची रेघ बनून आहे. चाळीस झालं की बायका खालच्या फडताळातली डाळ-तांदळाची डबी वर चढवायला घेतात. पंचेचाळीसची वाट कोणी बघत बसत नाही.

मी सांगतोय ते त्या महापुराच्या एक-दोन वर्षं आधीचं. आषाढातली झड होती. नदी इशाऱ्याच्या बरीच खाली होती, काळजीचं काही नव्हतं. अण्णांना सर्दी झाली म्हणून त्यांनी नाक्यावरच्या मेडिकलमधून नेहमीच्या गोळ्या आणल्या, दोन दिवस घेतल्या. तिसऱ्या रात्री दीड वाजता आईचा फोन: "हे बोलत नाहीत, पण झोपतही नाहीत, तू ये." गेलो तर अण्णा मोरीच्या दारात भिंतीला डोकं टेकून उभे. धोतराचा सोगा हातात. कपाळावर घामाचे थेंब, त्या गारठ्यातसुद्धा. दुपारी चारपासून लघवीला झालेली नव्हती. आईनं धने-जिऱ्याचं पाणी दिलं होतं, उन्हाळी लागली असेल म्हणून. आषाढात उन्हाळी! बेंबीखाली हात लावला तर पोट नारळासारखं टणक. रिक्षानं मिरजेला निघालो. रस्त्यात किती स्पीडब्रेकर आहेत ते मला त्या रात्री कळलं, कारण प्रत्येकाला अण्णांच्या तोंडून एक आवाज निघायचा. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्यांना कण्हताना ऐकलं नव्हतं.

इकडे कोणाला बरंवाईट झालं की "मिरजेला दाखवा" ही म्हणच आहे. १८९४ मध्ये वानलेस साहेबांनी तिथं मिशनचा दवाखाना काढला तेव्हापासून जतपासून अथणीपर्यंतची माणसं मिरजेच्या वाटेला लागलेली आहेत. आम्ही गेलो त्या दवाखान्यात रात्रपाळीचा एक तरुण डॉक्टर होता. त्यानं फार प्रश्न विचारले नाहीत. जेली, रबरी नळी, दोन मिनिटं. मग नळीतून पिशवीत पाणी पडायला लागलं आणि अण्णांचा चेहरा असा सैल झाला, की मी खिडकीकडे तोंड फिरवलं. थोड्या वेळानं त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "किती निघालं?"

सिस्टरनं पिशवीवरच्या रेघा वाचल्या. "अकराशे."

"एमएल?"

"होय आजोबा."

"क्षमता किती असती?"

सिस्टरनं डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, "चारशे-पाचशे झालं की माणसाला धीर निघत नाही."

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे धोका पातळीच्या दुप्पट गेलं होतं."

सकाळी मोठे डॉक्टर आले. अण्णा पाटबंधारेवाले हे कळल्यावर त्यांनी रिपोर्टचं पाकीट उलटं केलं आणि पेनानं चित्र काढलं. वर लघवीची पिशवी, खाली निघणारी नळी, आणि नळीच्या सुरुवातीलाच तिला कडं घालून बसलेली सुपारीहून थोडी मोठी गाठ. ती प्रोस्टेट. सगळ्या पुरुषांना असते, तरुणपणी साधारण वीस-पंचवीस ग्रॅम. पन्नाशीनंतर बहुतेकांची वाढायला लागते, का तर वय आणि पुरुषी हार्मोन, बाकी काही पाप नाही. वाढली की मधली नळी आवळते. "खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं सांगलीला फूग येते असं तुमचं म्हणणं असेल," डॉक्टर म्हणाले. अण्णा गादीवर जरा उठून बसले. धरणात पाणी ५१७ मीटरपर्यंत ठेवायचं की ५१९, यावर ते नळी लावलेल्या अवस्थेतही तासभर बोलले असते. "तसंच हे. खाली अडलं की वर तुंबतं. आधी धार बारीक होते, मग थांबून थांबून होते, जोर लावावा लागतो, झाल्यावरही राहिल्यासारखं वाटतं. पिशवी बिचारी जास्त ताकद लावते, जाड होते, पुढं दमते. मग रोज थोडं मागं शिल्लक राहतं. त्यात तुम्ही सर्दीची गोळी घेतली. नाक मोकळं करणारं औषध पिशवीचं तोंड आवळतं, आणि त्याच गोळीतलं दुसरं, गुंगी आणणारं, पिशवी ढिली पाडतं. झाले दरवाजे बंद." रक्तात क्रिएटिनीन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा, २.४ आलं होतं, बरंच जास्त. तुंबलेलं पाणी मागं किडनीपर्यंत पोचलं होतं. एकदम तुंबलं तर माणूस ओरडतो तरी, डॉक्टर म्हणाले. महिनोन्महिने हळूहळू तुंबतं ते दुखतही नाही, थेंब थेंब कपड्यात गळत राहतं आणि घरच्यांना वाटतं म्हातारपण आलं.

मग त्यांनी विचारलं, "किती दिवसांपासून आहे?" अण्णांनी आईकडे बघितलं, आईनं त्यांच्या सामानाच्या पिशवीतून एक खिशातली डायरी काढली. कुठल्याशा खताच्या कंपनीची, गेल्या सालची. पुढं दुधाचा हिशेब, गॅसचा नंबर. मागच्या पानांवर तारखा आणि त्यापुढं आकडे. ११.४०, १.१५, ३.०५, ४.५०. खाली शेरा: 'वेग मंद.' पुढच्या पानावर: 'प्रवाह खंडित.' एका ठिकाणी, 'जोर द्यावा लागला.' ते बारीक, उजवीकडे झुकलेलं सरकारी अक्षर मी लहानपणापासून बघत आलोय. दोन वर्षांच्या नोंदी होत्या. एक रात्र चुकलेली नव्हती. आयुष्यभर त्यांनी आकडा लिहून वरच्या कचेरीला कळवला होता. हा तेवढा कोणाला कळवला नव्हता. डॉक्टरांनी पानं उलटली आणि म्हणाले, "अशी वही आम्ही पेशंटला मुद्दाम लिहायला सांगतो, तीन दिवसांची लिहून आणताना कटकट करतात. फक्त ही मला दोन वर्षं आधी दाखवायची." आई म्हणाली, "मी बोळात झिरोचा बल्ब लावून दिला होता की." म्हणजे तिलाही माहीत होतं. मी दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जात होतो आणि बोळातला तो बल्ब बघत होतो. मला वाटलं, देवासाठी असेल.

पुढचं थोडक्यात. नळी काढून बघितली, पुन्हा तुंबलं. क्रिएटिनीन खाली येईपर्यंत थांबले आणि मग दुर्बिणीतून ऑपरेशन केलं, कमरेत इंजेक्शन देऊन, लघवीच्या वाटेनंच, बाहेर एक टाका नाही. दोन दिवस पिशवीतून पाणी फिरवत होते. आधी तांबडं, मग गुलाबी, मग निवळ. अण्णा ते बघत पडून राहायचे, पुराचं पहिलं पाणी बघावं तसं. काढलेले तुकडे तपासायला गेले, रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस वाईट गेले. साधी वाढ निघाली. साध्या वाढीचा कॅन्सर होत नाही, ती दोन वेगळी दुखणी. पण एकाच गाठीत दोन्ही असू शकतात आणि कॅन्सर सुरुवातीला काही दाखवत नाही, म्हणून तपासायचं. पीएसए नावाची रक्ताची तपासणी त्यांनी लगेच केली नाही, काही आठवडे थांबून केली. लघवी तुंबली, नळी घातली, जंतुसंसर्ग झाला तरी तो आकडा वर जातो आणि माणूस उगाच घाबरून अर्धा होतो. आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितली: या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांचं वीर्य बाहेर न येता मागं पिशवीत जातं, त्यानं अपाय काही नाही, पण वडिलांना समजावून सांगा. मी मान डोलावली. अजून सांगितलेलं नाही.

हे सगळं डोळ्यांनी बघितलेला माणूस पुढं स्वतः काय करतो? पाणी प्यायला उठलो म्हणतो.

आम्हा पुरुषांची भाषा बघा. ज्या अवयवांचा उद्धार आम्ही शिव्यांमधून दिवसातून वीस वेळा करतो, त्यांच्याबद्दल डॉक्टरांसमोर "जरा खाली प्रॉब्लेम आहे" म्हणतो. डॉक्टरांना वाटतं गुडघा. शाळेच्या कंपाउंडवर, नाल्याच्या भिंतीवर चुन्यानं रंगवलेली एकच जाहिरात आम्हाला लहानपणापासून दिसत आलीय, त्यात पहिला शब्दच 'गुप्त'. तिथला वैद्य ताकदीची पुडी देतो, पण साखर तपासली का हे विचारत नाही. ताठरपणा कमी होणं हे कित्येकदा मधुमेहाचं किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं लवकर आलेलं पत्र असतं. ते पुडीत बांधून परत पाठवायचं नसतं, एवढं भिंतीवर कोणी लिहीत नाही.

या गप्प बसण्याच्या दोन गोष्टी मला माहीत आहेत, दोन्ही ओळखीतल्या. एक, बँकेतले माझे जुने साहेब. रोजच्या दोन बंडल बिड्या. एकदा लघवी लाल झाली. दुखलं नाही, जळजळलं नाही. दुसऱ्या दिवशी स्वच्छ. आदल्या दिवशी बीटाची कोशिंबीर खाल्ली होती, विषय संपला. आठ महिन्यांनी पुन्हा लाल झाली तेव्हा मूत्राशयात गाठ निघाली. रक्त एकदाच दिसलं आणि थांबलं, दुखलंच नाही, तर उलट जास्त घाईनं जायचं असतं, आणि बिडी-सिगारेटवाल्यानं तर त्याच दिवशी. दुसरा, शेजाऱ्यांचा चौदा वर्षांचा मुलगा. पहाटे पोटात दुखतं म्हणून कण्हत होता, ओवा देऊन निजवला. पोटात नव्हतंच दुखत. वृषणाला पीळ पडला होता, पण आईला कुठल्या तोंडानं सांगणार? अशा वेळी हातात साधारण सहा तास असतात. त्यानं दुपारी सांगितलं. बाजू एक गेली, दुसरी शाबूत आहे, आता कॉलेजात आहे. मला त्याच्या आईचा चेहरा आठवतो, ती म्हणत होती, "मी त्याला लहानपणी आंघोळ घालायची हो, माझ्यापासून काय लपवायचं?"

त्यामानानं मुतखडा बोलका. त्याला लाज नाही. कमरेतून सुरू होऊन जांघेत उतरणाऱ्या त्या कळेनं पैलवान गडीसुद्धा जमिनीवर लोळतो, त्यामुळं लोक मुतखड्याच्या गोष्टी बढाईनं सांगतात, कोणाचा किती एमएमचा ते. चार-पाचच्या आतला बहुतेक वेळा आपला आपण पडतो. कुळथाचं कढण, पानफुटीची पानं, सगळे सगळं सुचवतात. पाणी भरपूर पोटात जातं हा त्यातला खात्रीचा भाग. पण कळेबरोबर हुडहुडी भरून ताप आला, तर कढण चुलीवरच ठेवायचं आणि गाडी काढायची.

तर लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात मी गेलो. एकटाच, बँकेतून हाफ डे टाकून, घरी न सांगता. तपासणीसाठी पिशवी भरलेली लागते, म्हणून कंपाउंडरनं सांगितलं, पाणी प्या आणि बसा. व्हरांड्यात बाकांवर आम्ही सात-आठ जण, प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली. एक पटकेवाले आजोबा जतकडचे, एक अथणीचे कानडी हेल काढून मराठी बोलणारे, एक माझ्यापेक्षाही लहान, गॉगल लावून बसलेला. अर्धा तास कोणी कोणाकडे बघितलं नाही. मग पटकेवाल्यांनी बाटली संपवली, बूड आपटून खाली ठेवली आणि मोठ्यानं मला विचारलं, "लागली का न्हाई अजून?" आणि बांध फुटला. कोणाला किती वेळा उठावं लागतं, कोणाची चप्पल ओली होते, कोणी लेकाच्या मोटारसायकलवर बसायचं सोडलं, कोणी पंढरीची वारी. अथणीकर म्हणाले, गोळी सुरू झाल्यापासून धार चांगली आहे, पण अंथरुणातून झटकन उठलं की भोवळ येते, सावकाश उठायचं. आणि मोतीबिंदू काढायचा असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरला ही गोळी चालू आहे म्हणून आधी सांगायचं, नाहीतर ऑपरेशनमध्ये बुबुळ लुळं पडून घोटाळा होतो. हे मला डॉक्टरनं नाही, बाकावरच्या माणसानं सांगितलं. नंतर विचारलं तर डॉक्टर म्हणाले, अगदी बरोबर. गॉगलवाला शेवटपर्यंत बोलला नाही, पण ऐकत मात्र होता. त्यानं गॉगल काढून खिशात ठेवला होता.

धार मोजायचं मशीन म्हणजे नरसाळ्याखाली ठेवलेलं एक भांडं आणि त्याला जोडलेला संगणक. दार लावून घ्यायचं आणि नेहमीसारखं करायचं. भिंतीकडे बघत उभा राहिलो तेव्हा तो पोरगा आठवला. इथं मात्र घाई करणारं कोणी नव्हतं, आणि कदाचित म्हणूनच, थोड्या वेळानं का होईना, झालं. बाहेर कागदावर एक आलेख आला, डोंगर असायला हवा तिथं लांबलचक माळ. जास्तीत जास्त वेग सेकंदाला ९ मिली. पंधराच्या वर असेल तर बरं म्हणतात, दहाच्या खाली म्हणजे बहुधा कुठंतरी अडतंय. मग सोनोग्राफी, मागं शिल्लक ७० मिली. मग ती तपासणी जिच्या धसक्यानं अर्धे पुरुष येत नाहीत: कुशीवर वळा, गुडघे पोटाशी घ्या. हातमोजा, जेली, एक बोट. दहा सेकंद लागले असतील. त्याहून जास्त वेळ मला बूट परत घालायला लागला. सात प्रश्नांचा एक छापील कागद भरून घेतला, पस्तीसपैकी माझे चौदा, म्हणजे मधल्या गटात. खाली एक आठवा प्रश्न होता: उरलेलं सगळं आयुष्य लघवीचं असंच राहिलं तर तुम्हाला कसं वाटेल? पर्याय 'आनंद'पासून 'भयंकर'पर्यंत. सातांची उत्तरं मी झटपट दिली होती. इथं पेन थांबलं. कसं वाटतं, हे मला त्या दोन वर्षांत कोणी विचारलं नव्हतं, कारण विचारायला कोणाला माहीतच नव्हतं.

संध्याकाळी गावभागात गेलो. अण्णा ओट्यावर रेडिओ घेऊन बसले होते, एकोणऐंशी चालू आहे, रात्री एकदाच उठतात. मी आलेख त्यांच्या हातात दिला. चष्मा लावून त्यांनी तो आडवा धरला, उभा धरला, खालचे आकडे वाचले. कोणाचा ते विचारलं नाही. "विसर्ग कमीच आहे," म्हणाले, "गोळीनं भागेल." मग आत गेले आणि कोरी डायरी घेऊन आले. या सालची, बियाण्याच्या दुकानाची.

त्या रात्री दोन चाळीसला उठलो. परत येऊन दिवा लावला, वेळ लिहिली. बायको कुशीवर वळली, डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "पाणी का?"

"नाही. लघवीला. दुसऱ्यांदा."

ती उठून बसली.